मुलीच्या गोळ्या बंद करू का? पास्टर म्हणतात, तिच्यात दुरात्मा आहे

वाचकाचं पत्र

प्रभूमध्ये सलाम. मी भांडुपला राहते. माझी मुलगी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिला रात्री जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. दिवाळीनंतर आवाज ऐकू यायला लागले, तिलाच वाईटसाईट बोलणारे. जेवण तुटलं, कॉलेज सुटलं. महापालिकेच्या रुग्णालयात दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, तीन आठवड्यांत झोप जरा सुधारली. मग शेजारणीने एका प्रार्थना हॉलमध्ये नेलं. तिथे ती पडली, जाड्या आवाजात ओरडली. पास्टर म्हणाले दुरात्मा आहे, पिढीजात शाप आहे. (माझ्या सासऱ्यांच्या घरी ख्रिस्ती होण्याआधी देवीची परडी होती, देवांचे टाक नदीत सोडले होते.) ह्या शुक्रवारपासून तीन दिवस निर्जळी उपास, दोन रात्री हॉलमध्येच राहायचं, गोळ्या बंद, आणि २५,००० रुपयांचं ‘विश्वासाचं बीज’. ती ओरडत असतानाचा व्हिडिओ त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाय. मिस्टर सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), त्यांना हे सगळं थोतांड वाटतं. माझं माहेर हिंदू, भाऊ म्हणतो गावच्या भगताकडे ने. गोळ्या अजून देते आहे, पण तांदळाच्या डब्यात लपवून, चोरून. परवा मुलीने विचारलं, “आई, माझ्यात खरंच काही घाण आहे का?” मला बोलता आलं नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि तिच्या परीक्षेचं काय करू?
— एक आई

उत्तर

ताई, प्रभूमध्ये सलाम.

शुक्रवार जवळ आलाय म्हणून आधी तेवढंच सांगते. मुलीला त्या हॉलमध्ये नेऊ नका आणि गोळ्या बंद करू नका. अशा दुखण्यावरच्या गोळ्यांचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. झोप सुधारली ही चांगली खूण आहे. नेमक्या ह्याच टप्प्यावर बरं वाटतंय म्हणून किंवा प्रार्थना झाली म्हणून माणसं गोळ्या थांबवतात आणि दुखणं उलटतं. कमी करायच्या की बदलायच्या, ते तिचे डॉक्टर ठरवतील. पाकिटं तांदळाच्या डब्यातून काढा आणि फळीवर ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली तरी चालतील. आई औषध चोरून देते म्हटल्यावर मुलीला वाटणारच की आपलं काहीतरी लाजिरवाणं आहे.

निर्जळी उपास आणि दोन रात्रींचं जागरण तर मुळीच नको. झोप मोडली की आवाज वाढतात, आणि फेफऱ्याची प्रवृत्ती असेल तर जागरणाने झटका येऊ शकतो. आधीच जेवण तुटलेल्या मुलीचं पाणीही तोडायचं हे कुठल्या वचनात बसतं? उपास-प्रार्थना आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि मला ती प्रिय आहे, पण उपास धडधाकट माणसाने आपल्या इच्छेने करायचा असतो. एक वेळचं जेवण सोडून प्रार्थना करायची तर तुम्ही करा, तिच्या वडिलांनी करावी. तिच्या ताटात वरणभात पडलाच पाहिजे.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. १९७६ साली जर्मनीत २३ वर्षांची एक कॅथलिक विद्यार्थिनी अशीच गेली. तिला फेफऱ्याचं दुखणं होतं, त्यावर औषधोपचार झाले होते. मग घरच्यांनी भूतबाधा मानली, बिशपांची परवानगीही मिळाली, आणि काही महिन्यांत ६७ वेळा भूत काढण्याचा विधी झाला. ती अन्नपाण्यावाचून खंगून मेली. १९७८ मध्ये न्यायालयाने तिच्या आईवडिलांना आणि दोन धर्मगुरूंना हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं. ती सगळी श्रद्धावान माणसं होती, तिच्यावर जीव लावणारी होती. तरी ती गेली.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जड तेच वाटलं. तिला आजच उत्तर द्या. हातातलं काम ठेवा, तिच्याजवळ बसा आणि सांगा: नाही गं बाळा, तुझ्यात काही घाण नाही. तू आजारी आहेस, तू प्रभूची आहेस, आणि आम्ही कुठेही जाणार नाही. उद्या ती पुन्हा विचारेल. पुन्हा तेच सांगा.

पवित्र शास्त्र सैतानाबद्दल फार लांबण लावत नाही, पण जे सांगतं ते स्पष्ट सांगतं. योहानाच्या ८ व्या अध्यायात प्रभू त्याला लबाड आणि लबाडीचा बाप म्हणतो. प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात तो विश्वासणाऱ्यांवर रात्रंदिवस दोष ठेवणारा आहे. हे मनात ठेवून त्या हॉलमधला प्रसंग बघा. घाबरलेली पोर, तिच्या कानांत तिला वाईट म्हणणारे आवाज आधीच चालू, आणि वरून माईक धरून भर गर्दीत तिला सांगितलं जातं की तू अशुद्ध आहेस, तुझं घराणं शापित आहे. दोष ठेवणाऱ्याचं काम तिथे कोणी केलं? आत्मिक लढाई मी खरी मानते. तुमच्या घरात ती ह्याच जागी चालू आहे: तुमची मुलगी स्वतःबद्दलचं ते खोटं खरं मानून बसते, की कोणीतरी तिच्या बाजूने उभं राहून ते खोडून काढतं.

इफिसकरांस पत्राचा ६ वा अध्याय तिला हळू आवाजात वाचून दाखवा. पौलाने ते कैदेत असताना लिहिलं. सत्य, नीतिमत्त्व, शांतीची सुवार्ता, विश्वास, तारण, देवाचं वचन आणि प्रार्थना, एवढीच शस्त्रं तो सांगतो. ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’ असंही तिथेच लिहिलंय. मग मुलीचे केस धरून, तिला चापट्या मारून, तिच्या पोटावर दाबून ‘निघ, निघ’ म्हणणारे नेमके कोणाशी झगडत असतात?

तुम्ही विचाराल, म्हणजे भुतं नसतातच का? तसं मी म्हणत नाही. प्रभूने भुतं काढली हे मी मानते. प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी आपण सैतानाचा आणि त्याच्या कर्मांचा त्याग करतो असं म्हणतो, ते काही तोंडदेखलं नसतं. पण प्रभूने भुतं कशी काढली, हे आपल्यातले पुष्कळ जण नीट वाचत नाहीत.

मार्कचा ५ वा अध्याय घ्या. गरसेकरांच्या प्रदेशात कबरांमध्ये राहणारा तो माणूस. त्याला बेड्या आणि साखळदंड कोणी घातले होते? तिथल्या लोकांनी. तो उपाय त्यांचा होता आणि तो फसला होता. प्रभू त्याच्यावर हात उगारत नाही, नाव विचारतो. नंतर लोक येऊन बघतात तर तो बसलेला आहे, अंगात कपडे आहेत, शुद्धीवर आहे. पुढची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तो माणूस प्रभूबरोबर यायला निघतो आणि प्रभू त्याला नेत नाही. घरी, आपल्या माणसांत जा, म्हणतो. गावोगावच्या सभांतून त्याला उभा करून साक्ष द्यायला लावली असती तर केवढी गर्दी जमली असती! प्रभूने तसं केलं नाही. तुमच्या मुलीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

९ व्या अध्यायातला मुलगाही तसाच. तो लहानपणापासून पडायचा, तोंडाला फेस यायचा, कधी विस्तवात, कधी पाण्यात. प्रभू आधी त्याच्या बापाला विचारतो, ह्याला असं किती दिवसांपासून होतंय? चांगला डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतो. लोक धावत येऊन गर्दी करताहेत हे दिसताच प्रभू प्रसंग आटोपता घेतो, मग मुलाचा हात धरून त्याला उठवतो. आणि मत्तय ४ मध्ये प्रभूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे, तीत भूतग्रस्त वेगळे लिहिलेत, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना जो फरक कळत होता, तो आपण मुंबईत बसून पुसून टाकायचा का?

पडणं, ओरडणं, आवाज बदलणं ह्यावरून काहीच सिद्ध होत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाच्या (आत्मिक जागृतीच्या) वेळी मुली ढसाढसा रडल्या, मोठ्याने ओरडून प्रार्थना करू लागल्या, अंगाची आग होते म्हणाल्या. पंडिता रमाबाईंनी ती भूतबाधा मानली नाही, पवित्र आत्म्याचं काम मानलं. बाहेरून दिसणारं सारखंच असू शकतं. पोटात धड अन्न नाही, झोपेचं खोबरं झालेलं, बंद हॉलमध्ये ढोलकी आणि कीबोर्डचा दणदणाट, डोक्यावर चार जणांचे हात, आणि ‘तुझ्यात काहीतरी आहे’ अशी सगळ्यांची नजर. अशा वेळी पोर कोसळली आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली, तर तिथे दुरात्मा होता असं छातीठोक कोण सांगणार?

रात्री छातीवर कोणी बसल्यासारखं वाटणं हा झोपेचा एक ओळखीचा प्रकार आहे. स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, स्वप्नातल्यासारखे आपण खरोखर हातपाय झाडू नयेत म्हणून. कधी मन आधी जागं होतं आणि स्नायू मागाहून. ते काही क्षण, फार तर एकदोन मिनिटं, माणसाला हलता येत नाही, दडपण जाणवतं, खोलीत कोणी उभं आहे असं वाटतं. जगभर सगळ्या धर्मांच्या लोकांना हे होतं. त्याने जिवाला धोका नसतो. झोप अपुरी झाली, मनाला घोर लागला, उताणं झोपलं की जास्त होतं. तिला सांगा, कुशीवर झोप, आणि तसं झालंच तर घाबरू नकोस, फक्त बोटांची टोकं हलवायचा प्रयत्न कर, सुटेल. आवाजांचं प्रकरण मात्र वेगळं आहे, ते डॉक्टरांचंच काम. अशी दुखणी पुष्कळदा ह्याच वयात, अठराएकोणीस ते पंचविशीच्या आत सुरू होतात. त्यात तिचा दोष नाही, तुमच्या घराण्याचाही नाही.

घराण्यावरून त्या ‘पिढीजात शापा’बद्दल बोलायलाच हवं, कारण हे खूळ आपल्या मंडळ्यांत फार बोकाळलंय. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात देव स्वच्छ सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांधाकडे बघून विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, ह्यानेही नाही, आईबापांनीही नाही. ह्याहून आणखी काय लिहायला हवं होतं? मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांतल्या किती जणांच्या आज्याने, पणज्याने देव सोडले, गावाचा बहिष्कार सोसला, नातीगोती गमावली. त्यांच्या विश्वासावर आपण उभे आहोत. तुमच्या सासऱ्यांनी टाक नदीत सोडले तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं असेल! आणि आज त्याच घराण्याचा शाप म्हणून नातीच्या डोक्यावर तेल थापायचं? त्यांच्याही आधी ज्या आजीने देवीसमोर दिवा लावत पोरं वाढवली, तिचं नावही असल्या गोष्टीत ओढू नये. तुमच्या माहेरच्या माणसांना हे ऐकून काय वाटत असेल, तेही मनात आणा.

मग प्रार्थना करायचीच नाही का? करायची, रोज करायची. आमच्या मंडळीत एक वृद्ध पाळक होते. असं घर त्यांना बोलवायचं तेव्हा ते एकटे कधी जात नसत, मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घेत. चप्पल काढून आत यायचे आणि आजारी माणसाच्या बाजूला, त्याच्याच चटईवर बसायचे. चहा घ्यायचे. झोप किती लागते, जेवण जातं का, हे त्या माणसालाच विचारायचे, घरच्यांना नाही. मग एक स्तोत्र, हळू आवाजात, आणि जेमतेम पाच मिनिटांची प्रार्थना. हात ठेवायचा तर आधी विचारायचे, “ठेवू का?” निघताना दाराशी थांबून आईला म्हणायचे, गोळी किती वाजता असते? तेवढी चुकवू नका. पुढच्या आठवड्यात न बोलावता पुन्हा यायचे. तुमच्या पाळकांना असं बोलवा.

मोठ्या मंडळ्यांचे नियमही ह्याच दिशेने आहेत. कॅथलिक मंडळीत भूत काढण्याचा विधी कोणीही धर्मगुरू आपल्या मनाने करू शकत नाही, बिशपांची स्पष्ट परवानगी लागते, आणि आधी हे दुखणं तर नाही ना ह्याची खात्री करावी लागते. चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी १९७५ मध्ये ठरवून दिलं की असं काही करायचंच तर वैद्यकीय मदतीच्या जोडीने, प्रार्थना आणि संस्कारांच्या चौकटीत, कमीत कमी गाजावाजा करून, बिशपांनी नेमलेल्या अनुभवी माणसानेच करावं, आणि पुढेही त्या व्यक्तीची काळजी घेत राहावं. १९७० साली ज्या मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. झाली त्यांत अँग्लिकनही (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) होते, म्हणजे ही वाट तुमच्या मिस्टरांच्या मंडळीला परकी नाही. आता ह्या चौकटीत तो भाड्याचा हॉल बसवून बघा.

२५,००० बद्दल एकच. ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’ हे प्रभूने शिष्यांना पाठवताना सांगितलं, आणि त्या कामांत भुतं काढणंही होतं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैतल्या एका दासीची सुटका होते तेव्हा चिडतात कोण, तर तिच्या जिवावर कमाई करणारे तिचे धनी. पैसे देऊ नका. दिले असतील तर ते गेले म्हणा, पण आणखी देऊ नका.

हॉलवाले दारात येऊन दबाव आणू लागले तर हे माहीत असू द्या: महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली कोणाला बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे. साध्या प्रार्थनेला तो आड येत नाही. भावालाही हेच सांगा, प्रेमाने सांगा. हॉल नको म्हणून भगत, हे काही उत्तर झालं नाही.

व्हिडिओ काढून टाकायला पास्टरांना फोनवर नको, लेखी मेसेजने सांगा आणि तो जपून ठेवा. शेजारणीलाही सांगा की पुढे पाठवू नकोस. मुलीने तो बघितलाय का, हेही हळूच विचारून घ्या.

मिस्टर थोतांड म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, पण तेवढं म्हणून ते सुटले असं होत नाही. दर वेळी ओपीडीच्या रांगेत तुम्ही एकट्याच उभ्या राहता, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. पुढच्या तारखेला त्यांनी रजा काढून यावं. डॉक्टरांना हॉलमधलं सगळं सांगा, काही झाकू नका. ते हसणार नाहीत, मुंबईतल्या मानसोपचार विभागात हे रोज ऐकू येतं. ती पडली तेव्हा अंग ताठ झालं होतं का, जीभ चावली गेली होती का, नंतर तिला काही आठवत होतं का, हे लिहून न्या. त्यावरून फेफऱ्याची तपासणी करायची की नाही ते ठरेल. आवाज तिला जिवाचं बरंवाईट करायला सांगतात का, हे तुम्ही स्वतः तिला सरळ विचारा. विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा (मानसिक आरोग्याच्या मदतीचा) सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमचा विश्वास कमी पडतोय का? त्या ९ व्या अध्यायातला बाप प्रभूला म्हणाला, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्याला कोणी परत पाठवलं नाही, अजून उपास करून ये म्हटलं नाही. मुलगा बरा झाला. तुमच्याजवळ निदान तेवढा विश्वास आहे, नाहीतर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं. पौलाने लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय, आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असा सल्लाही दिलाय. औषध घेतल्याने प्रभूचा अपमान होत नाही.

राहिलं परीक्षेचं. ह्या सत्रात तिला बसवायचा अट्टाहास करू नका. डॉक्टरांकडून वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या, तिच्या वर्गशिक्षिकेला भेटा आणि हजेरीसाठी रीतसर अर्ज द्या. दुखण्याचं नाव कॉलेजात सगळ्यांना सांगायची गरज नाही. एखादा विषय राहिला तर के.टी. लागेल, ती पुढे सुटते. मैत्रिणींपैकी कोणी घरी यायला तयार असेल तर येऊ द्या, नोट्स आणू द्या, आणि त्या बसल्या असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.